कुठं गावला?

जांबोटी मागं पडली की नकाशा थकतो.
ईरण्णाच्या मोबाईलवरचा निळा ठिपका
एकाच वळणावर बसून राहतो, वेशीवरच्या दगडासारखा.
पुढं फक्त रवळू.

रवळू धुरी, डावखुरा,
वर्षातले आठ महिने म्हापशाच्या बेकरीत,
उरलेले चार स्वतःच्या डोंगरात.
चपला काढून पिशवीत घालतो आणि म्हणतो,
"आता गप चला.
उद्यमबागेतली मशीनं हितं चालू ठेवू नकासा."

आम्हाला वाळू आवडली होती.
नदी वळते तिथं, पांढरी, सपाट,
कुणी रंधा मारून ठेवल्यासारखी.
ईरण्णानं तंबूच्या खुंट्याही काढल्या होत्या.
रवळू वर बघत उभा.
"काय बघूलालास रे?"
त्यानं हात उंच केला, डोक्याच्याही वर,
करंजाच्या फांदीतून वाळक्या गवताची जट ओढली.
तिच्यात काटक्या, बाटलीचं टोपण,
कुणाच्या तरी चपलेचा अंगठा.
"नदी हितवर आलती.
दसऱ्यानंतर येत नाही म्हणून
तुला लिहून दिलंय काय तिनं?"

खुंट्या परत पिशवीत.

मग चढण, कारवी, अंगभर कुसळं,
ईरण्णाच्या तोंडात ज्या शिव्या
त्यांना मराठीत जागाच नाही.
आणि एकदम एक कातळ, भुवईसारखा पुढं आलेला.
खाली तीन दगड, आतून काळे,
शेजारी सुक्या लाकडांची मोळी, वेलीनं बांधलेली.
कुणाची?
"मागच्या माणसाची. आज आपली.
जाताना एवढीच ठिवायची. एक फाटा कमी नको."

मासा हुडकायचा तर पाणी बघू नये, तो म्हणतो,
पाण्यात काय पडतंय ते बघावं.
कोंडीवर एक उंबर ओणवा झालेला.
डुब्.
फळ पडलं, आणि खालून एक सावली वर आली
फळाच्या आधीच निघाल्यासारखी.

ईरण्णाचा रबरी मासा, साडेतीनशे रुपयांचा,
दोन तास पाण्यात पोहून आला.
तो कोंडीशी कन्नडात बोलला, मी मराठीत.
तिला दोन्ही येत असणार. उत्तर दिलं नाही.
मग रवळूनं गळाला पिकलेलं उंबर टोचलं,
वरून पडल्यासारखं सोडलं, नुसतं सोडलं,

खडस!
कोपरापर्यंतच्या हाताएवढा,
खवले नाण्यासारखे, ओले, रागावलेले.
दुसऱ्यांदा गळ टाकू दिला नाही त्यानं.
"माणसं तीन, मासा एक. हिशोब सपला."

रात्री काटे चुलीत टाकताना
आमच्याकडून कबूल करून घेतलं:
जागा कुणाला सांगायची नाही.

सोमवारी कारखान्यात फोटो फिरला.
"कुठं गावला रे?"
"राकसकोपला," ईरण्णा म्हणाला.
"तिलारीला," मी, त्याच क्षणी.

पुढच्या वर्षी रवळूचा फोन लागला नाही.
बेकरीचा मालक म्हणाला, भट्टी विकली,
पोरं गेली जिकडंतिकडं.
आम्ही दोघंच निघालो. दोनदा चुकलो.
एकदा तर आमच्याच बुटांच्या ठशांवर येऊन पोचलो.
वाळू दिसली तेव्हा थांबलो नाही,
फक्त जाता जाता वर बघितलं दोघांनी.
ह्या साली गवत आणखी वितभर उंच अडकलेलं.

कातळाखाली मोळी होती.
आमची नव्हे. आम्ही किंजळीची ठेवली होती,
ही जांभळीची, ताजी, टोकाला अजून चीक.
ईरण्णानं एक लाकूड उचललं,
मशीनवरून उतरलेला जॉब तपासतो तसं
उजेडाकडं धरून फिरवलं.
घाव सगळे उलट्या तिरक्यात.
"डावा हात," म्हणाला.

मी खाली कोंडीकडं बघत राहिलो.
डुब्.
कुणीच काही बोललं नाही.
ईरण्णानं भाताचं पातेलं उघडलं,
पिशवीतून दोन मुठी तांदूळ घातले,
माझ्याकडं न बघता
तिसरी घातली.